मदत हवी आहे: पुस्तकातला नियम आणि डीएमचा निर्णय (डीएनडी, पाचवी आवृत्ती)

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा ग्रुप शनिवारी रात्री ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी) हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ खेळतो. पुस्तकं २०१४ची, डीएम (गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा) मी. भांडण नियमांवरून आहे, पण ‘एक रूल्स लॉयर (नियमांचा कीस काढणारा) डोकं खातो, काय करू’ या नेहमीच्या छापाचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) खेळणारा मित्र नियमांना पक्का आहे. नियम स्वतःच्या अंगाशी येत असला तरी आधी तोच सांगतो. मागे त्याचा बार्ड ४० फूट कड्यावरून पडला. मी काही बोलायच्या आत ‘दर दहा फुटांना एक डी६, म्हणजे चार’ म्हणत इजेचे चार सहा-बाजूंचे फासे टाकून मोकळा. जेमतेम वाचला. तेव्हा हा माणूस फायद्यासाठी नियम काढतो असं म्हणायची सोय नाही, आणि माझी पंचाईत तिथेच होते.

किरकोळ गोष्टींत आमचं जमतं. क्लेरिकला (देवाच्या बळावर जादू करणारं पात्र) एकदा सुचलं की ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ या पाणी आणायच्या स्पेलने (मंत्राने) दरोडेखोराच्या फुप्फुसांत पाणी भरावं. स्पेलमध्ये ‘उघड्या भांड्यात’ असं लिहिलंय आणि दरोडेखोराचं तोंड उघडं होतं! मी नाही म्हटलं, बार्डही नाही म्हणाला, विषय संपला.

खटका उडाला ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ या अदृश्य गोष्टी दाखवणाऱ्या स्पेलवरून. शत्रू अदृश्य झाला. विझर्ड (जादूगार) खेळणाऱ्या मैत्रिणीने दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मोजक्याच मिळणाऱ्या जादूच्या वाट्यांपैकी एक) खर्चून हा स्पेल टाकला. आता तिला तो स्वच्छ दिसतोय. ती हल्ला करायला गेली तर बार्ड म्हणतो, ‘डिसअ‍ॅडव्हांटेजने टाक.’ (म्हणजे दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा; अ‍ॅडव्हांटेज असलं की मोठा.) मी म्हटलं, अरे, दिसतोय ना तिला! मग त्याने पुस्तक वाचून दाखवलं. ‘इन्व्हिजिबल’ अवस्थेत दोन कलमं आहेत. एक, जादू किंवा खास इंद्रियं नसतील तर हा प्राणी दिसत नाही. दोन, त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हांटेज, त्याच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हांटेज. दुसरं कलम पहिल्यावर अवलंबून आहे असं कुठेही म्हटलेलं नाही.

मी डिसअ‍ॅडव्हांटेज काढून टाकलं. आजही तेच करेन. बघण्यासाठीच असलेला स्पेल टाकून, दिसूनसुद्धा आंधळ्यासारखे वार करायचे, हे मी गंभीर चेहऱ्याने सांगू शकत नाही.

पण त्याची बाजूही ऐका. कॅरेक्टर बनवताना त्याने ‘फेअरी फायर’ हा शत्रूला उजळवणारा स्पेल घेतला तो अशा शत्रूंसाठीच. त्यात स्पष्ट लिहिलंय की यात सापडलेल्याला अदृश्यतेचा फायदा मिळत नाही. एका स्पेलमध्ये हे वाक्य आहे, दुसऱ्यात नाही, म्हणजे फरक मुद्दाम ठेवलाय असं तो म्हणतो. फेअरी फायरला कॉन्सन्ट्रेशन (सतत लक्ष धरून ठेवणं) लागतं, शत्रूला सेव्ह (फासा टाकून वाचायची संधी) मिळतो, टिकतो फार तर मिनिटभर. सी इन्व्हिजिबिलिटी तासभर, ना सेव्ह ना कॉन्सन्ट्रेशन. ‘मी पुस्तक वाचून स्पेल निवडला. तू एका वाक्यात तिचा वर नेलास आणि माझा खाली आणलास.’

पुढच्याच सेशनला पाणी साचलेल्या तळघरात लढाई. विझर्डने ‘लाइटनिंग बोल्ट’ हा विजेचा स्पेल सोडला. पुस्तकात १०० फूट लांब, ५ फूट रुंद रेषा आणि ८डी६ डॅमेज (आठ फाशांची इजा) आहे, पाण्याचं नावही नाही. पाणी गुडघाभर होतं म्हणून मी रेषेबाहेरच्यांनाही निम्मं डॅमेज दिलं. टेबल खूश. बार्ड म्हणाला, ‘इथे विज्ञान चालतं, मग फुप्फुसांत का चाललं नाही? विज्ञान कधी आणि पुस्तक कधी ते आधी कळू दे, नाहीतर उद्यापासून दर लढाईआधी क्लेरिककडून सडा घालून घेतो.’ हसत म्हणाला. पण तेव्हापासून प्रत्येक चालीआधी विचारतो, ‘हे चालेल का?’ पूर्वी विचारत नसे. ते मला जास्त लागलंय.

‘डीएमचा शब्द अखेरचा’ हे पुस्तकात आहे, आणि ते त्यालाही पाठ आहे. ते उत्तर नको. लढाई चालू असताना तुम्ही वाद किती वेळ चालू देता? एकदा दिलेला निर्णय पुढे नियम होतो का? कॅम्पेनच्या (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीच्या) मध्यात २०२४च्या पुस्तकांवर गेलो तर हे सुटेल का?

प्रतिसाद १
अदृश्यतेचं भांडण २०२४च्या पुस्तकाने मिटवलंय. ज्याला तुम्ही दिसता त्याच्यापुरता हा फायदा मिळत नाही, असं वाक्यच घातलंय. म्हणजे निर्णय तुमचा ठीक, आणि २०१४च्या शब्दांवर बार्डही ठीक. एवढ्यासाठी अख्खं कॅम्पेन हलवू नका, ते वाक्य तेवढं उचला.

फेअरी फायरची तक्रार मात्र पटली नाही. तो लागला की शत्रू दिसणाऱ्या सगळ्या पार्टीला (खेळाडूंच्या गटाला) अ‍ॅडव्हांटेज. सी इन्व्हिजिबिलिटी फक्त टाकणाऱ्याच्या डोळ्यांपुरता. तरी त्याला स्पेल बदलू द्या. लेव्हल वाढली की बार्डला एक बदलता येतोच, तुम्ही आत्ताच द्या.

आमच्याकडे मिनिटभर पुस्तक चाळायचं, सापडलं नाही तर आजच्यापुरतं डीएम म्हणेल ते. खरं उत्तर सेशन संपल्यावर शोधायचं.

प्रतिसाद २
पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती खेळा. नियम ऑनलाइन फुकट आहेत. बार्ड सुखी होईल. तुमचं सांगता येत नाही.

प्रतिसाद ३
दोन्ही प्रसंग एकाच जातीचे नाहीत. अदृश्यतेत तुम्ही असलेल्या नियमाचा अर्थ लावलात. विजेच्या वेळी नवा नियम घातलात, तोही स्पेल सुटल्यावर. तळघरात शिरतानाच ‘इथल्या पाण्यात वीज पसरेल’ म्हणाला असतात तर त्यावर सगळ्यांनी डाव रचला असता, बार्डनेसुद्धा.

‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात ही वाटणी लिहूनच ठेवलीय. कोणती अ‍ॅक्शन रोल करायची ते खेळाडू ठरवतो. धोका किती आणि परिणाम किती हे जीएम (तिथला डीएम) सांगतो, फासे पडायच्या आधी. डीएनडीत तसं बंधन नाही, पण सवय लावून घ्यायला कोणी अडवलंय?

२०२४च्या डीएम गाइडमध्ये नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे असा मुद्दाच आहे. रांगेत उभ्या माणसांनी ‘रेडी’ अ‍ॅक्शनने (आधीच ठरवून ठेवलेल्या चालीने) भाला पुढे पुढे देत तो प्रकाशाच्या वेगाला नेण्याचा जुना वाद त्यात उदाहरण म्हणून घेतलाय. लिहिलंय खेळाडूंना आवरण्यासाठी, पण डीएमनेही स्वतःला लावून घ्यावं.

प्रतिसाद ४
थोडं अवांतर. डीएनडी १९७४चं, भांडण त्याहून बरंच जुनं. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४मध्ये क्रीगश्पील हा युद्धाचा खेळ आणला: नकाशा, फासे, डॅमेजचे तक्ते आणि मध्ये पंच. तक्त्यांच्या किचकटपणाला लोक कंटाळले, आणि १८७६मध्ये व्हर्डी द्यू व्हर्नुआ याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवा, पंचाच्या अनुभवावर सोडा. पण तिथला पंच खरं युद्ध पाहिलेला अधिकारी असायचा. आपण कुठल्या ड्रॅगनशी लढून आलोय? तुमच्या बार्डला तुमचा अनुभव नको, तुमचा अंदाज बांधता यायला हवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३मधला फरक बार्डला जसाच्या तसा पाठवला. उत्तर आलं, ‘मी हेच सांगत होतो.’ (तो हे सांगत नव्हता, पण असो.)

सगळ्यांना दिसेल असं एक डॉक उघडलंय. पहिली ओळ इन्व्हिजिबलची, २०२४प्रमाणे. दुसरी विजेची: पाणी असो नसो, स्पेल त्याच्या रेषेपुरताच, वेगळं काही असेल तर खोलीचं वर्णन करतानाच सांगेन. यावर विझर्डवाली नाराज आहे. मिनिटाचं घड्याळ बार्डच्या हातात दिलंय. स्पेल बदलायचा का विचारलं तर नको म्हणाला, फेअरी फायरच ठेवणार.

आता एक शेवटचं विचारतो. डॉकमध्ये आत्ता पाच ओळी आहेत, वर्षभरात पन्नास होतील आणि तेही पुस्तकच होऊन बसेल. जुने निर्णय रद्द करायची तुमच्याकडे काही पद्धत आहे का? लेव्हल वाढताना सगळ्यांनी मिळून चाळायचे, असं काही?