आईसकट सगळ्यांना क्रूझवर न्यायचंय, नागपूरकरांनो सांगा

आईचं वय ७८, गुडघे गेलेले. दोघं भाऊ, सुना, चार पोरं. मुंबईहून गोवा की लक्षद्वीप, यावर घरात भांडण चालू आहे. आई म्हणते, "समुद्र पाहू, पण मले उलटी नको." डिसेंबरात जायचा विचार आहे. खोल्या कशा घ्याव्या?

धरमपेठकर: भाऊ, गोवाच करा. लक्षद्वीपला मोठं जहाज प्रवाळामुळे बेटाजवळ जात नाही, खोल पाण्यात उभं राहतं. मग हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. गुडघेदुखीवाल्या माणसाला दोघांनी धरलं तरी जीव टांगणीला लागतो. खोली जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवर मागा, तिथं हेलकावे सर्वांत कमी. वरची बाल्कनी फोटोत छान दिसते, पण तिथं डोलणं जास्त. तरण्यांनी घ्यावी ती. आणि आईच्या खोलीजवळ लिफ्ट आहे ना, हे बुकिंगआधी विचारा.

महालवाली: उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. काहींनी झोप येते, म्हणून बीपीच्या डॉक्टरांना विचारूनच. औषधं हँडबॅगेत ठेवा बरं का, मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात अन् खोलीत उशिरा येतात.

रेल्वेवाला: रात्रीची दुरांतो धरा, सकाळी सीएसएमटी. जहाज सुटतं ते बंदर, बॅलार्ड पिअर, तिथून टॅक्सीनं जवळच. पण त्याच दिवशीच्या जहाजावर भरवसा नको, गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशीच पोचा.

मूळ प्रश्नकर्ता: गोवा ठरलं. आता बाल्कनीवरून धाकट्याशी भांडतो.