'से' आणि 'टेल' यांतले कोणते क्रियापद कुठे वापरावे?

प्रश्न
माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून आता कार्यालयात रोज इंग्रजी ईमेल लिहावे लागतात. 'म्हणणे' म्हणजे 'से', 'सांगणे' म्हणजे 'टेल' आणि 'बोलणे' म्हणजे 'स्पीक' अशी सांगड मनात पक्की बसली आहे. त्यामुळे 'तो मला म्हणाला' असे लिहायचे असले की हातून 'ही सेड मी' लिहिले जाते आणि वरिष्ठ ते खोडून 'ही टोल्ड मी' करतात. अर्थ तर दोन्हींचा एकच दिसतो, मग निवड कशावरून करायची?

उत्तर १
येथे अर्थापेक्षा वाक्यरचना अधिक महत्त्वाची आहे. मराठीत 'मला म्हणाला' आणि 'मला सांगितले' या दोन्हींत 'ला' हाच प्रत्यय येत असल्याने आपल्याला हा फरक जाणवत नाही. इंग्रजीत मात्र 'टेल'च्या पाठोपाठ ऐकणारा थेट येतो, तर 'से'च्या पाठोपाठ बोललेला मजकूर येतो आणि ऐकणाऱ्याचा उल्लेख करायचाच झाला तर मध्ये 'टू' घालावा लागतो. म्हणून 'ही सेड दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड' आणि 'ही टोल्ड मी दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, परंतु 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड टू मी दॅट' ही चूक आहेत. शाळेत डायरेक्टचे इनडायरेक्ट करताना विधानार्थी वाक्यातील 'सेड टू'च्या जागी 'टोल्ड' लिहायला शिकवतात; तेथे 'टू' का गळतो, हे बहुधा कोणी समजावत नाही.

उत्तर २
वरील नियम योग्य आहे, पण त्यावरच विसंबू नये. 'टेल अ स्टोरी', 'टेल द ट्रूथ', 'टेल द टाइम' अशा ठरलेल्या प्रयोगांत ऐकणाऱ्याचा उल्लेख नसला तरी 'टेल'च येते. प्रश्नातील सांगड खरी फसते ती येथे, कारण मराठी माणूस खोटे 'सांगत' नाही, खोटे 'बोलतो', तेही रेटून. त्यामुळे आपल्याकडे 'डोन्ट स्पीक लाय' सर्रास ऐकू येते, वास्तविक 'डोन्ट टेल लाइज' किंवा नुसते 'डोन्ट लाय' म्हणायला हवे. प्रार्थना म्हणण्यासाठी 'से' चालते, पण गाण्यासाठी 'सिंग' आणि कवितेसाठी 'रिसाइट' लागते. (जाता जाता: जुन्या इंग्रजीत 'टेल'चा एक अर्थ मोजणे असा होता, आणि बँकेतील 'टेलर' हा शब्द त्याच अर्थातून आला आहे.)

आज्ञेच्या बाबतीत मात्र मराठी आपल्या मदतीला येते. 'त्याने मला थांबायला सांगितले' येथे आपण 'म्हणाला' वापरत नाही, तसेच इंग्रजीतही 'ही टोल्ड मी टू वेट' असेच होते. पाटीवर किंवा पत्रात काय लिहिले आहे ते सांगताना 'से' वापरावे: 'द नोटीस सेज'.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न
मग 'टेल मी'प्रमाणे 'प्लीज एक्सप्लेन मी' हेही बरोबर ठरते का? आमच्याकडे सगळेच तसे लिहितात.

उत्तर १
नाही. 'एक्सप्लेन', 'सजेस्ट' आणि 'डिस्क्राइब' यांचा अर्थ सांगण्याच्या जवळचा असला तरी त्यांची रचना 'से'सारखी आहे. त्यांच्यापुढे आधी विषय येतो आणि मग 'टू'सह व्यक्ती, म्हणून 'प्लीज एक्सप्लेन द प्रोसेस टू मी' असे लिहावे. 'इन्फॉर्म' याच्या अगदी उलट वागते: त्याला व्यक्ती थेट लागते आणि विषयाआधी 'ऑफ' किंवा 'अबाउट' येते. तेव्हा 'प्लीज इन्फॉर्म टू द मॅनेजर' असे लिहिले असेल, तर त्यातील 'टू' काढून टाकावा.