मदत हवी आहे: म्युनिकहून भाड्याची गाडी, डिझेल घ्यावी की पेट्रोल?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन म्युनिकहून साल्झबुर्ग, ग्रोसग्लॉकनरचा घाट आणि पुढे इटलीतले डोलोमाइट्स डोंगर असा बेत आहे. पाच माणसं आणि भरपूर सामान. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता २,५०४ मीटरपर्यंत चढतो, म्हणून माझा कल डिझेलकडे आहे. कमी आरपीएमला चांगली ओढ मिळते, ॲव्हरेजही जास्त. पण भाडं जास्त सांगताहेत. हजार-बाराशे किलोमीटरमध्ये तो फरक वसूल होतो का? आणि टर्बो पेट्रोल गाडी भरल्या सामानानिशी घाटात दमते का? चालवलेल्यांनी कृपया सांगा.

मला जास्त काळजी पंपाची आहे, कारण तिथे इंधन आपल्यालाच भरावं लागतं. पेट्रोलचं बारीक नोझल डिझेल गाडीत सहज जातं, आणि असं झालेलं नुकसान भाड्याच्या विम्यात बहुतेक वेळा धरत नाहीत. २०१८ पासून युरोपात नव्या गाडीच्या झाकणापाशी डिझेलला चौकोन, पेट्रोलला वर्तुळ अशी खूण असते, एवढं माहीत आहे.

अजून एक. बुकिंगवर गाडीच्या नावापुढे नुसतं 'किंवा तत्सम' लिहितात. डिझेलच मिळेल अशी खात्री आधी करून घेता येते का? ॲडब्लू (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) मध्येच संपत आलं तर खर्च कोण देतं?