शब्दचर्चा: समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी… सिनेमाच्या टिपणात काय लिहावं?

धागाकर्ती, कोथरूड

आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यापासून 'उंबरठा', 'दायरा', 'फायर' आणि 'बॉइज डोन्ट क्राय' दाखवणार आहोत. प्रत्येक खेळाआधी पानभर मराठी टिपण वाटायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. शेवटच्या सिनेमाची मराठी सबटायटल्सही करतेय. समलिंगी बरोबर की समलैंगिक? बायसेक्शुअलला उभयलिंगी चालेल? आणि ट्रान्सजेंडर म्हणजे तृतीयपंथीच ना?

प्रतिसाद, सदाशिव पेठ

समलिंगी आणि समलैंगिक दोन्ही रूढ आहेत. मी माणसाला समलिंगी म्हणतो आणि संबंध, आकर्षण यांच्यासाठी समलैंगिक वापरतो. उभयलिंगी मात्र टाळा. जास्वंदीचं फूल उभयलिंगी, गांडूळ उभयलिंगी, असं आपण शाळेत शिकलो. तिथे अर्थ शरीररचनेचा आहे. स्त्री-पुरुष दोघांविषयी ओढ वाटणाऱ्या माणसाला तो शब्द लावला की वाचक भलतंच समजतो. द्विलैंगिक लिहा, किंवा सरळ बायसेक्शुअल.

प्रतिसाद, डेक्कन

ताई, तृतीयपंथी हा शब्द सरसकट वापरू नका, ही कळकळीची विनंती. त्या शब्दाने आपल्याकडे गुरू-चेल्यांची परंपरा असलेला हिजडा समाज डोळ्यांपुढे येतो. 'सडक' (1991) मधली सदाशिव अमरापूरकरांची महाराणी किंवा 'तमन्ना'मधला परेश रावलांचा टिक्कू, तिथे तो बसतो. 'बॉइज डोन्ट क्राय' (1999) मधला ब्रँडन टीना हा अमेरिकेतल्या नेब्रास्कात 1993 मध्ये मारला गेलेला खराखुरा तरुण. जन्मतः त्याला मुलगी ठरवलं गेलं, तो जगला पुरुष म्हणून. त्याला ट्रान्स पुरुष किंवा पारलिंगी पुरुष म्हणा. हिलरी स्वँकला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. तिच्याविषयी लिहिताना 'ती' आणि ब्रँडनविषयी 'तो', यात गल्लत होऊ देऊ नका.

खरी कसोटी नामांपेक्षा क्रियापदांची आहे. इंग्रजीत पात्र 'मी' म्हणून बोलत राहतं, क्रियापद काही सांगत नाही. मराठीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांतलं एक निवडावंच लागतं. ब्रँडनच्या तोंडी पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत 'आलो', 'बसलो', 'घाबरलो' हवं. त्याचं गुपित इतरांना कळल्यावर सबटायटलकाराने 'आले' केलं, तर त्याचा छळ करणाऱ्यांची बाजू आपणच घेतल्यासारखं होईल. छळ करणाऱ्यांच्या तोंडी 'ती' येऊ द्या, तो त्यांचा आवाज आहे. एखाद्या पात्राचं स्वतःचंच ठरलेलं नसेल, तर मराठीत वाटा आहेत: 'मी जाईन', 'मला भूक लागलीय', 'मी हे पाहिलंय'. यांतून बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. मला ही आपल्या भाषेची फार मोठी सोय वाटते.

'दायरा'ची (1996) गोष्ट वेगळी. अमोल पालेकरांच्या या सिनेमात निर्मल पांडे स्त्रीवेशात वावरतो आणि सोनाली कुलकर्णी, अत्याचार सोसल्यावर, पुरुषवेशात. फ्रान्समधल्या वालाँसियेनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक दोघांना विभागून दिलं गेलं, म्हणजे एका नटालाही! इथे कुठलाही शिक्का मारू नका. तो काय नेसतो, कसा जगतो, तेवढं लिहा.

प्रतिसाद, औंध

'नाच्या' आणि 'बायल्या' हे शब्द टिपणात नकोत, अगदी अवतरणातसुद्धा. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका जिवंत केला की पडद्याबाहेरही लोकांनी त्यांना तसंच मानलं आणि घरच्यांनाही टोमणे सोसावे लागले. नाच्या हे तमाशातल्या पात्राचं नाव, ती शिवी आपण करून ठेवली. 'हिजडा'चं तसं नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठींनी तो शब्द आत्मकथेच्या शीर्षकात स्वतः घेतला. स्वतःबद्दल कुणी वापरलेला शब्द आपण दुसऱ्यावर फेकू नये, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

धागाकर्ती

खूप मदत झाली. 'उंबरठा'त (1982) आश्रमातल्या दोघींच्या संबंधांचा भाग आहे. तेव्हाच्या भाषेत 'अनैसर्गिक' म्हणत, तसं लिहू का? आणि 'फायर'मधल्या जावांना लेस्बियन म्हणू?

प्रतिसाद, डेक्कन

'अनैसर्गिक' ही 1860 च्या दंडसंहितेतल्या कलम 377 ची भाषा. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं. मग टिपणात ती भाषा आपण का जपायची? 'आश्रमातल्या दोन स्त्रियांचं प्रेम' लिहा. जो काही आक्षेप घ्यायचा, तो सिनेमातल्या पात्रांना घेऊ दे.

'फायर'मध्ये सीता राधेला म्हणते की आपण जे आहोत, त्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. सिनेमा तिला शब्द देत नाही, म्हणून कथानक सांगताना 'दोघी जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात' एवढंच पुरे. लेस्बियन हा शब्द डिसेंबर 1998 च्या परिच्छेदात आणा. 'फायर' दाखवणाऱ्या चित्रपटगृहांवर हल्ले झाल्यावर त्याविरोधात दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर निदर्शनं झाली, तेव्हा 'इंडियन अँड लेस्बियन' लिहिलेला फलक धरून बायका रस्त्यावर उभ्या होत्या. तो शब्द त्यांनी स्वतः, उघडपणे निवडला होता, तो तसाच छापा.

आणि तुमच्याकडची प्रिंट कोणती ते आधी बघून घ्या. मूळ सिनेमा इंग्रजीत आहे. हिंदी आवृत्तीत सीतेचं नाव नीता केलंय, टिपणातलं नाव त्याप्रमाणे जुळवा.