मार्क टलींना रेडिओवर ऐकलेलं कोणी आहे का इथे?

रानवाट:
गेले तीन महिने मी मोबाईलवर आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या आठवणी रेकॉर्ड करतेय, पॉडकास्ट करायचंय. बाबा म्हणाले आधी बीबीसीचे पत्रकार मार्क टली समजून घे. नेटवर नुसती जंत्री मिळते, १९३५ ला कोलकात्यात जन्म, १९६५ ला बीबीसीकडून दिल्लीत, मग वीसेक वर्षं ब्यूरो चीफ, १९९४ ला राजीनामा, २००५ ला पद्मभूषण. पण नुसत्या आवाजावर हा माणूस लोकांना इतका आपला का वाटायचा? ज्यांनी तेव्हा ऐकलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुना ट्रान्झिस्टर:
आमचे आजोबा रात्री शॉर्टवेव्ह लावायचे, एरियलला तांब्याची तार, तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला, आणि बटण केसभर इकडे केसभर तिकडे. खरखर, मधेच शीळ, मग बातम्या. घरात कोणी हूं की चूं करायचं नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्याचं बीबीसीने आकाशवाणीच्या कितीतरी तास आधी सांगितलं, ती बातमी टलींचे सहकारी सतीश जेकब यांनी काढलेली. राजीव गांधी बंगालमध्ये होते, त्यांनीपण बीबीसी लावूनच खात्री केली. आणि आणीबाणीत सेन्सॉरच्या अटींवर सही करायला नकार दिला म्हणून टलींना देशाबाहेर काढलं होतं, हे लोकांच्या लक्षात होतं हो. विश्वास तिथून आला.

कानोसा:
१८ वर्षं रेडिओत एडिटिंग केलंय म्हणून लिहितो. टली जागेवर जायचे आणि हिंदीत बोलायचे, माझ्या मते सगळं त्यात आलं. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येतून फोन लागेनात, तर गाडीने फैजाबादला जाऊन बातमी दिली आणि परत अयोध्येत आले, मग जमावाने घेरून काही तास कोंडून ठेवलं. नंतर १९९५ पासून बीबीसीच्या रेडिओ ४ वर 'समथिंग अंडरस्टुड' हा कार्यक्रम केला, त्यात संगीत, कविता आणि गप्पा एकमेकांत विणलेल्या, घाई कुठेच नाही. तुला तेच ऐकायला सांगेन.

आणि आजी थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. एकदा एक बाई गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगता सांगता थांबल्या, टेपवर नऊ सेकंद काहीच नाही, फक्त आत कुठेतरी कुकरची शिट्टी. साहेब म्हणाले काप. मी भांडून ठेवलं. त्या कार्यक्रमावर जितकी पत्रं आली त्यात बहुतेकांनी त्या शिट्टीबद्दलच लिहिलं होतं.

रानवाट:
वाचताना अंगावर काटा आला. उद्या परत जातेय. आजीला पंख्याशिवाय बसवत नाही, आवाज येईल ना पण?

कानोसा:
येऊ दे, तिचा जीव घाबरा करू नकोस. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर, पंख्याची हवा थेट माइकवर नको. आणि बोलणं संपलं की उठायच्या आधी अर्धा मिनिट नुसती ती खोली रेकॉर्ड कर, पंख्यासकट. दोन वाक्यं जोडताना तीच लागते.