मदत हवी आहे: हिग्ज क्षेत्र अडवतं, तर इलेक्ट्रॉन थांबत का नाही?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. रविवारी तास संपल्यावर काही मुलं मागे थांबतात, मग अभ्यासक्रमाबाहेरच्या गप्पा रंगतात. सध्या हिग्ज बोसॉन आणि मूलकणांना वस्तुमान देणारं, सगळ्या अवकाशात पसरलेलं हिग्ज क्षेत्र चालू आहे आणि गाडी अडली आहे.

हे क्षेत्र वस्तुमान कसं देतं ते सांगणारं गर्दीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. मी ती गर्दी सिद्धेश्वरच्या गड्ड्यात (जत्रेत) नेली. नगरसेवक शिरला की पावलापावलावर कोणीतरी गाठतं, अनोळखी माणूस सुळकन निघून जातो. नगरसेवक जड, अनोळखी हलका. बारावीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "मग इलेक्ट्रॉन चालता चालता थांबायला पाहिजे की ओ सर! न्यूटनचा पहिला नियम कुठं गेला?"

प्रश्न बिनतोड आहे. चालणाऱ्याचा वेग कमी करतं ते घर्षण. वस्तुमान फक्त वेग बदलायला विरोध करतं. शिवाय गर्दी जमिनीवर उभी असते, तिच्या सापेक्ष कोण चालतंय ते सांगता येतं. हिग्ज क्षेत्र तर प्रत्येक निरीक्षकाला सारखंच दिसतं.

इतिहास मुलांना सांगून झालाय: हिग्ज क्षेत्राची कल्पना मांडणारे १९६४ चे शोधनिबंध, १९६७ मध्ये वाइनबर्ग आणि पाठोपाठ सलाम यांनी ती कल्पना इलेक्ट्रोवीक सिद्धांतात (विद्युतचुंबकीय बल आणि किरणोत्सारात दिसणारं क्षीण बल एकत्र मांडणाऱ्या) बसवली, १९८३ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत क्षीण बलाचे वाहक डब्ल्यू आणि झेड कण सापडले, ४ जुलै २०१२ ला हिग्जची घोषणा झाली. अडचण पुढची आहे. गर्दीऐवजी काय सांगू? आणि फोटॉनला (प्रकाशाच्या कणाला) वस्तुमान का मिळत नाही? "त्याचा हिग्जशी संबंध येत नाही" एवढ्यावर ही मुलं गप्प बसणार नाहीत. लॅग्रांजियन (सिद्धांताचं जड गणिती सूत्र) मात्र नको, कृपया.

प्रतिसाद १

सर, गर्दी सोडा, अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) घ्या. अतिवाहकावर तरंगणारं चुंबक मुलांनी व्हिडिओत पाहिलं असेलच. चुंबकीय क्षेत्र अतिवाहकात पृष्ठभागापाशीच विरून जातं, कारण तिथे फोटॉन वस्तुमान असल्यासारखा वागतो. बल वाहून नेणारा कण, म्हणजे वाहक, जड झाला की बलाचा पल्ला आखूड होतो. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९६३ मध्ये हाच दुवा दाखवला होता.

अतिवाहकात इलेक्ट्रॉनच्या जोड्या भरलेल्या असतात, तसं रिकाम्या अवकाशात हिग्ज क्षेत्र भरलेलं आहे. त्याचं मूल्य शून्य नाही, २४६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; कणांची ऊर्जा आणि वस्तुमान यातच मोजतात) आहे. म्हणून डब्ल्यू सुमारे ८० आणि झेड ९१ जीईव्हीचा, आणि क्षीण बलाचा पल्ला प्रोटॉनच्या आकाराच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. यात कोणाचा वेग कमी होतोय असं कुठेच येत नाही.

आता फोटॉन. सममिती भंगण्याआधी, म्हणजे हिग्ज क्षेत्राचं मूल्य शून्य असताना, बलवाहक चार, चारही वस्तुमानरहित. हिग्ज क्षेत्राचे घटकही चार. वस्तुमानरहित वाहकाला कंपनाच्या दोनच तऱ्हा असतात, जडाला तीन लागतात. ती तिसरी तऱ्हा डब्ल्यू-धन, डब्ल्यू-ऋण आणि झेड यांना हिग्ज क्षेत्राच्या तीन घटकांकडून मिळते. चौथा घटक उरतो, तोच १२५ जीईव्हीचा हिग्ज बोसॉन. आणि अवकाशात भरलेल्या क्षेत्राला विद्युतप्रभार नाही. त्यामुळे प्रभाराशी जोडलेली सममिती अभंग राहते आणि तिचा वाहक फोटॉन कोराच सुटतो.

प्रतिसाद २

वरचं उत्तर बलवाहकांसाठी झालं, त्या मुलीने विचारलंय इलेक्ट्रॉनबद्दल. डावखुरा आणि उजवखुरा इलेक्ट्रॉन (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी त्याची दोन रूपं) क्षीण बलाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. वस्तुमान म्हणजे या दोघांना बांधणारी गाठ, ती हिग्ज क्षेत्र मारतं. गाठ किती घट्ट, हे प्रत्येक कणाचं निराळं: इलेक्ट्रॉन ०.५११ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), सर्वात जड मूलकण टॉप क्वार्क १७३ जीईव्ही. असं का, ते सिद्धांत सांगत नाही. मुलांना हेही सांगा, त्यांना आवडतं.

आणि "सगळं वस्तुमान हिग्जमुळे" असं मात्र सांगू नका. प्रोटॉन ९३८ एमईव्हीचा, त्यातल्या तीन क्वार्कची बेरीज जेमतेम ९. बाकीची सगळी ऊर्जा क्वार्कना एकत्र बांधणाऱ्या प्रबळ बलाची.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कंपनाच्या तऱ्हांचा हिशोब फळ्यावर झकास मांडता येईल. आता अतिवाहक प्रत्यक्षच दाखवावा म्हणतो. द्रव नायट्रोजनची सोय होईल, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो इकडे येतोच. त्याचं ७७ केल्विन तापमान पुरे आहे. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाची चकती सोलापूर-पुण्याकडे कोणाकडे आठवडाभरासाठी मिळेल का? नेण्या-आणण्याचा खर्च माझा.