प्रतिसाद: आधी बग्ग्यांचं वय ठरवा
रंग द्यायची घाई करू नका! आजोबांच्या चारही बग्ग्या रंगवून परदेशी गिऱ्हाइकाला द्यायच्या म्हणताय, पण १०० वर्षांवरची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदाच आहे तसा. म्हणून आधी वय ठरवा. चाकाच्या तुंब्यावरची, म्हणजे आरे जिथे जुळतात त्या मधल्या गोल भागावरची, पितळी टोपी हलक्या हाताने पुसून बघा, तिथे बरेचदा बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं सापडतं. आमच्या व्हिक्टोरिया बग्गीला कुणीतरी ऑइलपेंट फासला आणि आऱ्यांवरच्या बारीक सोनेरी रेघा कायमच्या गेल्या, अजून जीव हळहळतो. कंदिलांची जोडी आणि घोड्याचा साज गाडीबरोबरच राहू द्या. लग्नाच्या डेकोरेशनवाल्याला मात्र कृपा करून देऊ नका.